बनवणारा: अज्ञात

रविवारी सकाळी मी लॅपटॉपवर ॲम्प्लिफायरांच्या नकला विकणारी एक वेबसाइट चाळत बसले होते, आणि तिथं मला माझ्या आईचं नाव दिसलं.

आधी थोडं सांगते. मी गिटार वाजवते. ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या गॅदरिंगला, कुणाच्या रेकॉर्डिंगला, बोलावतील तिथं. पूर्वी गिटारवाल्याला भला जड ॲम्प घेऊन फिरावं लागायचं. आता पुस्तकाएवढा एक डबा पायाशी ठेवला की झालं. जगातल्या नावाजलेल्या ॲम्पांचे आवाज त्यात भरता येतात. खरा ॲम्प समोर ठेवायचा, त्यात ठरावीक आवाज सोडायचे, बाहेर काय येतं ते कॉम्प्युटरला ऐकवायचं, की तो त्याची हुबेहूब नक्कल करून देतो. अशा नकला लोक नेटवर विकतात आणि माझ्यासारखे विकत घेतात. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

पण आईचं नाव! इंग्रजी अक्षरांत ठसठशीत लिहिलेलं, आणि शेजारी फोटो. निळा पत्र्याचा डबा, त्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं मराठीत तेच नाव, शेवटच्या अक्षराची वेलांटी जरा जास्तच लांब ओढलेली. ते अक्षर नानांचं. नाना म्हणजे माझे वडील, आणि तो डबा त्यांनी बनवलेला ॲम्प. आमच्याकडं साऊंडच्या डब्यावर कुणाचं तरी नाव असतंच, देवाचं, लेकीचं नाहीतर बायकोचं. नानांनी बायकोचं घातलं. काय नाव ते इथं लिहीत नाही, आईला चालायचं नाही.

नानांनी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळण्यात काढली. संध्याकाळी घरच्या ओट्यावर रेडिओ, टेप, भोंगे दुरुस्त करायचे. त्यातून बेंजो पार्टीवाल्यांशी गाठ पडली. हळद असो की मिरवणूक, टेम्पोवर बेंजो पाहिजेच, आणि तो असा वाजला पाहिजे की गल्लीच्या टोकाला बसलेल्या म्हातारीनंसुद्धा खांदा उडवावा. नानांनी बंद पडलेल्या टॉकीजच्या भंगारातून जुने काचेचे व्हॉल्व्ह आणले, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, आणि असा ॲम्प उभा केला की घोटीपासून लासलगावपर्यंतच्या पार्ट्या त्याच्यासाठी भांडायच्या. आवाज फाटायचा, पण फाटता फाटता गोड व्हायचा. मी गिटार शिकले ती त्याच डब्यावर. आणि एवढं करून लोक नानांना म्हणायचे काय, तर रिपेरिंगवाले! नाना भडकायचे. "रिपेर काय केलं मी? आधी व्हतं काय तिथं, रिपेर करायला?"

तर मी ती नक्कल लगेच विकत घेतली, गिटार लावली आणि नानांना हाक मारली. आई बाजूलाच मेथी निवडत बसली होती. मी एकच सूर छेडला. नाना दारातच थबकले.

"आपला डबा कुणी लावला? तो तर पार्टीवाल्याकडं हाय."

"डबा नाही नाना, लॅपटॉप आहे."

"गप गं. मला शिकवती का?" म्हणत ते खरंच कॉटखाली वाकून बघायला लागले. मग स्पीकरला कान लावून बसले. पुन्हा वाजव, अजून खालचा सूर घे, आता जोरात, असं चाललं होतं. चेहरा असा फुलला होता की काय सांगू! मला वाटलं होतं चिडतील. उलट आईला म्हणाले, "ऐकलं का? तुझं नाव लागलं बघ नेटवर." आई म्हणाली, "माझं नाव लावायच्या आधी मला विचारलं व्हतं का कुणी? तुम्ही तरी कुठं विचारलं व्हतं म्हणा."

मग मी खालची माहिती मराठी करून त्यांना वाचून दाखवायला लागले. पुण्याच्या एका गिटारवाल्यानं हे केलं होतं. नंतर कळलं, आमच्या बेंजोवाल्याकडून त्यानं डबा रेकॉर्डिंगसाठी नेला होता, नाना तेव्हा गावी भाताच्या कापणीला गेले होते. गिटारवाल्यानं विचारलं नाही, बेंजोवाल्यानं सांगितलं नाही. माहितीत लिहिलं होतं की या ॲम्पची खरी जादू चौथ्या बटणात आहे. ते हळूहळू उजवीकडं फिरवलं की आवाजाला एक ऊब येते. खाली देशोदेशीच्या लोकांनी कौतुक केलं होतं, चौथं बटण अर्ध्याच्या थोडं पुढं ठेवा, स्वर्ग आहे म्हणून.

"चौथं बटण?" नाना म्हणाले.

"हो, चौथंच लिहिलंय."

नाना जे हसायला लागले ते थांबेचनात. ठसका लागला, आईनं पाणी दिलं, तरी हसतायत. ते चौथं बटण कशालाही जोडलेलं नाही! डब्यावर नुसतं बसवलंय, आत वायरच नाही. त्याचं घरातलं नाव 'मामाचं बटण'. प्रत्येक हळदीत नवरदेवाचा मामा येतो आणि म्हणतो, जरा वाढवा की राव. वाढवला तर स्पीकर जातो, नाही वाढवला तर मामा रुसतो, आणि लग्नघरात मामा रुसणं परवडत नाही. म्हणून नानांनी एक जादा बटण लावून दिलं. मामानं यायचं, स्वतःच्या हातानं फिरवायचं, मान डोलवायची, "आत्ता कसं!" म्हणायचं आणि नाचायला जायचं. पार्टीवाले खूश, मामा खूश. आता त्या पुण्याच्या पठ्ठ्यानं काय केलं, तर बटण आहे म्हणजे काहीतरी करतच असणार असं धरून कॉम्प्युटरमध्ये त्यात स्वतःच्या कानाच्या अंदाजानं ऊब भरली, आणि सगळं जग ते फिरवत बसलंय.

हसता हसता मी पुढची ओळ वाचली. मॉडेल म्हणून आईचं नाव. आणि बनवणारा: अज्ञात.

"अज्ञात म्हंजे?" नानांनी विचारलं.

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

नानांचं हसू जिथल्या तिथं थांबलं. "माहीत नाय? मी काय मेलोय का?" म्हणाले आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. जेवायलाही आत येईनात. माझं डोकं मग असं फिरलं! आयुष्यभर रिपेरिंगवाला म्हणवून घेतलं, आणि आता त्यांचा आवाज साता समुद्रापार गेला तर म्हणे अज्ञात. मी आईला म्हटलं, याला कोर्टात खेचते की नाही बघ.

माझी एक मैत्रीण वकील आहे, असल्याच नावाच्या नि हक्काच्या केसेस बघते. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली. चहा होईपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कडू बोलू का? आवाजाची मालकी कुणाची नसते. कुणाचं रेकॉर्डिंग उचललं असतं तर गोष्ट वेगळी. पण ॲम्प कसा वाजतो ते मोजून स्वतः त्याची नक्कल करणं, यावर आपल्याला फारसं काही करता येणार नाही. आतल्या जोडणीचं पेटंट घेतलं होतं का नानांनी?"

ओट्यावरून नाना ओरडले, "पेटंट घ्यायला गेलो असतो तर हळद कुणी वाजवली असती?"

"चौथं बटण मात्र त्याचं स्वतःचं हं," मैत्रीण हसत म्हणाली. "त्यावर तो हक्क सांगू शकेल."

मी म्हटलं, "मग काहीच करता येत नाही?"

"येतं ना. नावाचं करता येतं. या नावानं डबा इकडं ओळखला जातो, लोक मागून नेतात. तेच नाव लावून दुसरा विकतोय. नोटीस पाठवू, नाव आणि फोटो काढायला लावू. हे बऱ्यापैकी जमण्यासारखं आहे."

मी म्हटलं, पाठव, आजच्या आज. तेवढ्यात आई कपबशा घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आवाज त्याच्याकडंच ऱ्हाणार?"

"राहणार, काकू."

"मंग नाव काढून काय व्हईल? माझंही जाईल, ह्यांचं तर नायच. मंग त्यो आवाज कुणाचाच ऱ्हाणार नाय. काढायचं नाय काही. घालायला लावा."

मैत्रिणीनं आईच्या हातातून कप घेतला. मग म्हणाली, "काकू, कायद्यानं काढायला लावता येतं. घालायला लावता येईल असं नाही. ते त्याच्या मनावर."

आईनं माझ्याकडं बघितलं. "मंग फोन लाव त्याला. माणूस हाय ना?"

मी मनातून धुसफुसत होते, पण वेबसाइटवरचा नंबर लावला. फोन स्पीकरवर ठेवला, नानांना ओट्यावरून आत आणून बसवलं. मी सुरुवात जरा तावातावानंच केली, आणि तो बिचारा सॉरी सॉरी करत राहिला. मला कुणी सांगितलंच नाही, मला वाटलं जुन्या कुठल्यातरी कंपनीचा असेल, असं म्हणत होता. नानांनी मला हातानं गप्प केलं आणि फोनकडं वाकले.

"कॉपी चांगली केलीय तू. व्हॉल्व्ह तापल्यावर आवाज कसा बसतो ते बरोबर धरलंय. पण ते चौथं बटण कुठं जोडलेलंच नाय."

मग तो म्हणाला, "काका, असं कसं? मी किती वेळा ऐकलं. फरक पडतो!"

"पडतो की. मामालाबी पडायचा."

मग नानांनी त्याला सगळं सांगितलं, आणि तो इतका हसला की आम्हीही पुन्हा हसलो. माझा राग तिथंच निम्मा उतरला. तो मनानं सरळ होता, हे कबूल करायला पाहिजे. म्हणाला, "काका, मी आत्ता लॅपटॉपसमोरच बसलोय. ते अज्ञात काढतो. सांगा, पूर्ण नाव काय लिहू?"

आणि नाना, ज्यांचं तोंड घरात कधी बंद नसतं ते नाना, बोलेचनात. डोळे भरून आले होते. तो विचारतोय, "हॅलो, काका?" मी सांगायला पुढं झाले, तर आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

माझी आई जुन्या वळणाची. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. दवाखान्यात कुणी विचारलं तर मला कोपरानं ढोसायची, तू सांग म्हणून. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, फोन तोंडाजवळ धरला आणि नानांचं नाव घेतलं, मग सासऱ्यांचं, मग आडनाव. एक एक शब्द सुटा. तो म्हणाला, "परत सांगता का काकू, स्पेलिंग चुकायला नको." आईनं परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.