बसायचं नातसुनेला, पसंती नवऱ्याची

कॉम्प्युटरवर बसणार माझी नातसून, आन् दुकानदार समदं विचारतोय माझ्या नातवाला! राम राम मंडळी. आज क्रांती चौकात काय झालं ते सांगते.

नातसून सरिता लग्नाचे फोटो घरी दुरुस्त करते. तिचं जुनं कॉम्प्युटरचं डबडं काल बंद पडलं, म्हणून आज आम्ही तिघं नवा घ्यायला गेलो. फुलंब्रीच्या लग्नाचा अल्बम अडकलाय, नवरीचा बाप सारखा फोन करतोय.

दुकानात नातवाला आवडला लाल-निळे दिवे लागणारा कॉम्प्युटरचा डबा. दुकानदार म्हणे, "भैया, गेमबी एकदम मक्खन चालतील."

सरिता हळूच म्हणाली, "मला स्क्रीन चांगला पायजे, रंग खरे दाखवणारा."

"तुला काय कळतंय?" नातू सगळ्यांदेखत खेकसला.

मी म्हणलं, "सोन्या, डोळे ती फोडती. तू नुसते दिवे बघत बसणार का?"

तो गाडीला किक मारून निघून गेला. आम्ही दोघी सरिताच्या पसंतीचा साधा डबा आन् चांगला स्क्रीन घेऊन रिक्षानं आलो. टँकरचं पाणी रोज नातू भरतो, आज तेबी आम्हीच भरलं.

नातू अजून घरी नाय, फोन उचलत नाय. सरिता अल्बमला बसलीय, पण मधीच विचारती, "आजी, माझं चुकलं का?"

मी तिला नाय म्हणलं. तुमचं काय म्हणणं? उत्तर असलं काम करणाऱ्या बायांनीच द्यायचं. त्यांच्या नवऱ्यांनी गप ऱ्हायचं.