भानुमतीनं प्रोसेसर बदलला

कॉम्प्युटर बनवणाऱ्या एखाद्या बड्या कंपनीनं प्रोसेसरचा जुना पुरवठादार सोडला की भाची मृण्मयी भानुमतीला त्याची कारणं वाचून दाखवते. वेग, किंमत, वेळेवर न मिळणारा माल. भानुमती हसते आणि तिला पडेगावची पत्र्याची शेड आठवते. आता तिथं चार मजली इमारत आहे.

दोन हजार तीन सालची गोष्ट. शहर दौलताबादच्या रस्त्यानं हातपाय पसरत होतं आणि त्याच रस्त्याला पाण्याच्या टँकरची रांग लागायची. कारकुनांच्या घरातली मुलगी बँकेची परीक्षा सोडून शेडमध्ये कॉम्प्युटर जोडत बसते, यावर नातेवाइकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. पाठीशी उभे राहिले ते एकटे दत्तोपंत. गुलमंडीवर त्यांचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि प्रोसेसर ते एकाच कंपनीचे ठेवायचे. पिनांना धक्का न लावता प्रोसेसर कसा बसवायचा, हे त्यांनीच तिला हात धरून शिकवलं. दुसरीकडून माल घेणं तिला पाप वाटायचं.

त्या एप्रिलात कन्नड गावाहून अप्पाराव मास्तर आले. त्यांच्या शाळेला तिनं वीस कॉम्प्युटर दिले होते.

"बाई, बारा वाजले की एकेक मशीन आपोआप बंद पडायलंय."

"खोलीत कूलर लावा म्हटलं होतं ना मी?"

"कूलर हाय की. पण त्यात वतायला पाणी कुठनं आणू? टँकरचं पाणी पोरांना प्यायला पुरंना."

भानुमती ओशाळली. कूलरला पाणी लागतं, हे दुष्काळात राहूनही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिनं मुंबईहून दुसऱ्या कंपनीचा एक प्रोसेसर मागवला आणि भर दुपारी, छताचा पंखा बंद करून, शेडमध्ये जुन्याच्या शेजारी चालवला. जुन्यानं दीड तासात मान टाकली. नवा संध्याकाळपर्यंत चालला. आता वीसही मशीनचे प्रोसेसर, ते ज्यावर बसतात त्या मदरबोर्डासकट, बदलायचे होते. पण इतका माल लगेच मिळणार तो शहरात फक्त बन्सीशेठ या दुसऱ्या दुकानदाराकडे, आणि त्यांचं दत्तोपंतांशी दहा वर्षं बोलणं बंद.

चोरून घेणं तिच्या जिवावर आलं. ती गुलमंडीवर गेली.

"काका, मी प्रोसेसरची कंपनी बदलतेय. नवा शेडमध्ये चालवून बघितलाय."

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. "किती वेळ चालला?"

"संध्याकाळपर्यंत. पंखा बंद करून."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फोन ओढला.

"बन्सी, दत्तू बोलतोय. माझी लेक येतेय तुझ्याकडं. वीस नग लागतील. शाळेचं काम आहे, तिला आधी दे."

भानुमती भांडणाची तयारी करून आली होती. ती स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

"बस रडत," दत्तोपंत म्हणाले, "अन् तिकडं बन्सीला दुकान बंद करून जाऊ दे."