झाडावरचं मुंडासं

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालांत तेल्हाऱ्याहून अमरावतीला जाणाऱ्या आमच्या गाड्यांच्या एक दिवस आधी आमचा पाणी हुडकणारा पोरगा पायी निघे. वय विशीचं; त्याला छपराखाली झोपलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या खारपाणपट्ट्यात तो विहिरी चाखत जाई आणि गोडं पाणी लागलं की जवळच्या झाडाला आपलं लाल मुंडासं बांधून आमची वाट पाही. त्याची जीभ कधी चुकली नाही.

"कावून एवढी तंगडतोड करतं रे?" मी एकदा विचारलं.

"मुनीमजी, पाणी खारं हाय, हे बैल कोणाले सांगतीन?"

शेवटच्या खेपेला तो विहिरीपाशी पडलेला दिसला. पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, सकाळीच गेला असावा. मुंडासं झाडाला नव्हतं. घडी करून छातीशी धरलं होतं.

आमचे घसे कोरडे पडले होते. तरी एकाही गाडीवानानं त्या विहिरीत पोहरा सोडला नाही.