लावर्न कुशेलचा फ्रिज

आमच्या विस्कॉन्सिनात फ्रिज मरत नाहीत. ते स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन गॅरेजात जातात आणि बिअर थंड करत उरलेले दिवस काढतात. लावर्न कुशेलचा फ्रिज मात्र चौतीस वर्षं स्वयंपाकघरातच होता. दार मिटून राहावं म्हणून त्याला खुर्ची टेकवलेली असे. नवा घेऊ या, असं बायको आर्डिसनं म्हटलं की लावर्नचं उत्तर ठरलेलं: "चालतोय ना?"

याच लावर्नचा धंदा यंत्रांना अकाली मारण्याचा. मालमत्ता कराच्या खटल्यांत तो यंत्रांच्या मालकांच्या बाजूनं तज्ज्ञ म्हणून साक्ष देई. यंत्राचं आयुष्य कमी, की किंमत कमी, की कर कमी. कर लावणाऱ्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, तज्ज्ञ नेमकं उलटं सांगे. न्यायाधीश बेंकी दोघांच्या मधला आकडा धरत. हे दोघांनाही ठाऊक, त्यामुळे वर्षागणिक एकाची यंत्रं अल्पायुषी आणि दुसऱ्याची चिरंजीव होत चालली होती.

त्या वसंतात खटला आला बोलिंगच्या पिना उभ्या करणाऱ्या यंत्रांचा. ती यंत्रं होती त्याच बोलिंगच्या क्लबात आर्डिस खेळायला जाई, म्हणून प्रथमच नवऱ्याची साक्ष ऐकायला आली. लावर्ननं शपथेवर सांगितलं, "उपयुक्त आयुष्य बारा वर्षं."

काउंटीच्या वकील प्रॉक्नोबाई उठल्या. गेल्याच रविवारी कुशेलांकडे खुर्ची सरकून फ्रिजचं दार उघडं राहिलं होतं, आणि बटाट्याचं सॅलड त्यांनी कोमट खाल्लं होतं.

"यंत्रं तर वीस वर्षं चालतायत."

"चालणं वेगळं, उपयोगी असणं वेगळं."

"अस्सं! तुमच्या घरचा फ्रिज किती वर्षांचा?"

मालकाचे वकील हरकत घ्यायला उठले. "बसा हो," बेंकी म्हणाले, "मलाही ऐकायचंय."

"चौतीस."

"उपयोगी आहे?"

हो म्हणावं तर खटला बुडतो. नाही म्हणावं, तर तिसऱ्या बाकावर आर्डिस. लावर्ननं चष्मा पुसला. पाणी प्यायला. पुन्हा चष्मा पुसला. शेवटी धंद्याचा अभिमान वरचढ ठरला.

"त्याचं उपयुक्त आयुष्य केव्हाच संपलं. चांगला नवा मिळत असताना जुना वापरणं म्हणजे निव्वळ मालकाचा हट्ट."

आर्डिस ताडकन उभी राहिली. "जजसाहेब, हे लिहून घेतलंत ना?"

"शब्दन् शब्द, बाई. बसा आता."

त्या निकालात बेंकींनी पहिल्यांदाच मधला आकडा सोडून बारा वर्षं मान्य केली. कारण लिहिलं: तज्ज्ञाच्या पदव्या दोन्ही बाजूंना असतात, परंतु पत्नीच्या देखत स्वतःच्या घराविरुद्ध बोलणारा साक्षीदार या न्यायालयानं आजवर पाहिला नव्हता.

शनिवारी नवा फ्रिज आला. जुना गॅरेजात गेला. पुढच्या शुक्रवारी कुशेलांकडे तळलेले मासे होते. हरलेल्या प्रॉक्नोबाईंनी गॅरेजात जाऊन बिअर काढली आणि बाटली गालाला लावली.

"अरे लावर्न, हा तर बर्फासारखं गार करतोय!"

"हळू बोल, बाई," लावर्न स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाला. "माझी साक्ष अजून चालू आहे."