मिश्रण चुकलं नव्हतं

अर्धा रस्ता संपला तरी वन्संनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्या पुढे, मी मागे. माझ्या हातात त्यांची पिशवी. तिच्यात प्रयोगशाळेतला पांढरा कोट, डोळ्यांवर लावायचा जाड चष्मा आणि कान तुटलेला कप. वन्संना कारखान्याच्या बसमध्ये चढू द्यायचं नाही असा हुकूम होता, म्हणून आम्ही कुंपणाच्या कडेने चालत निघालो होतो.

"अहो वन्सं, जरा हळू. धाप लागली मला."

"राग आला की माझे पाय आधी पळतात. तू कशाला आलीस? पिशवी काय मला जड होती?"

"एकट्या रडत गेला असतात."

"मी? रडेल माझी चप्पल."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. रसायनशास्त्र शिकल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि वीज-कारखान्याच्या धुराड्याशेजारच्या नव्या विभागात लागल्या. तिथे धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडतात. उंच टाकीत खालून धूर वर जातो, वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी खाली पडतं आणि तो वायू शोषून घेतं. मग ते पाणी वाफेने तापवायचं, वायू वेगळा काढायचा, आणि तेच पाणी पुन्हा टाकीत सोडायचं. दोन प्रकारची अमाइन मापात घेऊन हे पाणी कालवायचं काम वन्संचं. हाताला येणारा मासळीसारखा वास साबणानेही जात नसे. आमची पोरं नाक धरून पळायची आणि या मुद्दाम त्यांचे गालगुच्चे घ्यायच्या.

एकदा मी विचारलं होतं, दोन-दोन अमाइन कशाला? एकाने भागत नाही?

"एक तुझ्यासारखं," त्या म्हणाल्या. "वायूला झडप घालून धरतं, पण सोडताना जीव खातं, वाफ ओतून ओतून आपण दमतो. दुसरं आमच्या धाकट्यासारखं. हलायलाच वेळ लावतं, पण सोड म्हटलं की मुकाट्याने सोडतं. दोघांना योग्य मापात एकत्र नांदवलं की संसार चालतो."

त्यांचा धाकटा म्हणजे माझा नवरा. त्याच विभागात वाफेचे नळ तोच सांभाळतो, वाफ कमी-जास्त करतो. वन्संनीच हाताला धरून शिकवलं त्याला.

गेले काही दिवस ते पाणी काळं पडत चाललं होतं. टाकीत फेस यायचा, वायू कमी पकडला जायचा. आदल्या दिवशी विभागाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाईंचं माप चुकलं. मिश्रणच बिघडवलं." सोमवारी चौकशी, तोवर कामावर यायचं नाही, दुसऱ्या दिवशी येऊन सामान तेवढं न्यायचं. ज्या बाईने घरी खिचडीत मीठसुद्धा कधी जास्त टाकलं नाही, तिचं माप चुकलं म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात मी कितीही भांडले तरी बाहेरच्यांना देव बघून घेईल, असं म्हणून गप्प बसायचा माझा स्वभाव; पण त्या दिवशी मला देवाचाही राग आला होता.

"खरंच चुकलं का हो?" मी हळूच विचारलं.

त्या थांबल्या. कुंपणाच्या तारेला धरून उभ्या राहिल्या.

"माप बरोबर होतं. पाणी करपलंय. अमाइनला सोसेल तेवढीच उष्णता द्यायची असते. महिन्याचा आकडा फुगवून दाखवायला साहेबांनी वाफ वाढवायला लावली. जास्त तापवलं, जास्त वायू सुटला, चार दिवस शाबासकी मिळाली. मग पाणी जळायला लागलं."

"मग सांगा ना तसं! यंत्रात नोंद असेल."

"नोंद आहे. वाफ किती वाढली याची. कुणी सांगितलं, ते यंत्राला काय कळणार? हुकूम तोंडी होता. मी नोंद दाखवली की साहेब म्हणणार, तुमच्या भावाने मनानेच नळ फिरवला."

म्हणजे हे माझ्या घरात, माझ्या ताटात जेवणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. बहिणीवर आळ आला तेव्हा तो तिथेच उभा होता, आणि घरी येऊन म्हणाला होता, "ताईचं जरा बिनसलंय ऑफिसात." जरा! साहेब परका, त्याच्याकडून काय अपेक्षा? पण हा?

"आज घरी गेल्यावर दाखवते त्याला," मी म्हणाले. "अशी फैलावर घेते की..."

"तेच करू नकोस." वन्संनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "मी सांगितलं तर तो माझ्या धाकाने बोलेल, तू ओरडलीस तर तुझ्या. साहेबांनी एकदा डोळे वटारले की पुन्हा शब्द फिरवेल. वहिनी, माझं एक ऐक. आधी त्याला पोटभर वाढ. मग शांतपणे विचार, वाफ वाढवायला कुणी सांगितलं. तुझ्यासमोर एकदा नाव घेऊ दे त्याला. आणि सोमवारी तू त्याच्याबरोबर चौकशीच्या खोलीच्या दारापर्यंत जा. आत मात्र त्याला एकट्याला जाऊन बोलू दे."