मोबाईलमधली आक्का

बेळगावच्या वडगावात आमचं घर आणि आमचे चार पॉवरलूम एकाच छपराखाली आहेत. मधे भिंत आहे, पण आवाज तिला जुमानत नाही. मागांकडं माझी थोरली बहीण बघते. गल्लीसकट सगळे तिला आक्का म्हणतात. साठी उलटली तरी कुठल्या मागावर धागा तुटला, हे तिला पलीकडच्या खोलीत भाजी निवडताना नुसत्या आवाजावरनं कळतं. माझं काम साडीच्या नक्षीचं. काठावर मोर हवा असेल तर तो आधी ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढायचा, मग त्याप्रमाणं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, मग तो मोर मागावर उतरतो. तीस वर्षं मी चौकटी भरतोय. बायको म्हणते, जेवतानासुद्धा मी भाताचे चौकोन करतो.

आमची एकुलती एक लेक बेंगळूरला संगणकाच्या कंपनीत होती. दोन वर्षांपूर्वी ती बॅग घेऊन परत आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "आप्पा, मी मोबाईलवरचा खेळ करणार. स्वतःचा. त्यात माझी स्वतःची हिरॉईन असणार."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. नोकरी सोडून घरी आलेल्या मुलीला काय बोलायचं याचा ग्राफ पेपर अजून कुणी छापलेला नाही.

तिनं माडीवरच्या खोलीत टेबल मांडलं. पंधरा दिवसांनी तिनं आम्हाला वर बोलावून हिरॉईन दाखवली. काळी घट्ट विजार, मोकळे सोडलेले लांब केस, हातात तिच्याहून लांब तलवार, आणि कंबर अशी की माझं मनगट तिच्यापुढं जाडजूड वाटावं. ती पडद्यावर उजवीकडं धावत होती आणि वाटेत येतील ते राक्षस कापत होती. मी "छान आहे" म्हणालो. बापानं असंच म्हणायचं असतं.

आक्का चष्मा पुसून पुढं वाकली. "हिला घरात जेवायला घालत न्हाईत काय गं?"

"आत्ती, ती योद्धा आहे."

"असू दे की. योद्ध्याला भूक लागत न्हाय व्हय? आणि केस कशाला सुटं? एकदा कशात अडकलं म्हणजे टाळकंच जायचं."

"फॅशन असते तशी."

"बरं. पण ही चाललीया कुठं?"

लेक म्हणाली, "पुढं. राक्षस मारत पुढं."

"पुढं कुठं? कुणाचं काम हाय तिच्याकडं? उगंच कोण एवढं पळतंय?"

लेकीनं धावती हिरॉईन थांबवली. मी जिना उतरताना मागं वळून पाहिलं, तर ती त्या काळ्या विजारीकडं बघत गालावर हात ठेवून बसली होती. काम देणारी कंपनी असो की आत्ती, माल परत आला की माणसाचा चेहरा तसाच होतो.

तीन-चार दिवसांनी तिनं आक्काला विचारलं, "आत्ती, तू कधी पळाली होतीस गं? कुणाच्या कामासाठी?"

झालं. आक्काकडं एक गोष्ट आहे. ती आम्ही दर दिवाळीला ऐकतो, म्हणजे ऐकल्यासारखं करतो. आक्काचा नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली आणि मागावर बसली, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. निपाणीच्या एका नवरीचा शालू आमच्याकडं विणायला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी तो मागावरनं उतरला. पोचवायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आक्का शालू छातीशी धरून बसमधे बसली. संकेश्वरला बस बंद पडली. आक्का थोडी चालत, एक ओढा ओलांडून, थोडी उसाच्या ट्रॉलीवर, पुढं दूधवाल्याच्या मोटरसायकलवर दुधाच्या कॅनांमधे, अशी निपाणीला पोचली. अक्षता पडायला थोडा वेळ होता. नवरीच्या आईनं शालू घेतला आणि आक्काला पाणीसुद्धा विचारलं नाही. गोष्ट इथं संपते. दर दिवाळीला आम्ही इथं "अरेरे" म्हणतो आणि चकली उचलतो.

लेकीनं चकली उचलली नाही. तिनं वही काढली आणि विचारत सुटली. वाटेत काय काय लागलं? कुत्री होती? किती? शालू कुठल्या हातात होता? ओढा कसा ओलांडला? आक्का प्रश्नागणिक ताठ होत गेली. तीस-पस्तीस वर्षांत त्या ओढ्याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आत्ती, तू उडी मारून दाखव. मला तुझी उडी पाहिजे."

"वेडी का खुळी तू? ह्या वयात?"

पण दुपारी माग बंद झाल्यावर ती गल्लीत आली. पदर कमरेला खोचला, निऱ्या जरा वर घेतल्या, गटाराच्या अलीकडं उभी राहिली आणि टुणकन पलीकडं गेली. लेक मोबाईलवर चित्रण करत होती. "परत एकदा, आत्ती." आक्कानं परत मारली. शेजारच्या घरातनं दोघी बाहेर आल्या. समोरचे निवृत्त वकील गॅलरीत आले आणि त्यांनी मला विचारलं, "काय झालंय? साप निघालाय का?" तिसऱ्या उडीनंतर लेक "पुरे" म्हणाली. चौथी आक्कानं न सांगता मारली.

मग माझी पाळी आली. लेक ग्राफ पेपर घेऊन माझ्यासमोर बसली. "आप्पा, पडद्यावरसुद्धा चौकटीच असतात. एका चौकटीत एक रंग. हिला साडी नेसवून द्या."

हे मात्र मला चांगलं समजलं. मी आठवडाभर बसून हिरवी साडी काढली. काठाला रुईफुलं, वर बारीक रुद्राक्षाची ओळ, पदराला मोर. लेकीनं ते बघितलं आणि फार हळुवारपणे म्हणाली, "आप्पा, ती सगळी मिळून अंगठ्याएवढी असणार. काठाला दोन चौकटी मिळतील."

"दोन चौकटींत मी काय काढू?"

"एक लाल, एक पिवळी."

तीस वर्षांची विद्या मी एका लाल आणि एका पिवळ्या चौकटीत बसवली. अजून कुणी भेटलं की मी सांगतो, तो काठ माझा आहे.

खेळ हळूहळू उभा राहिला. आक्काच्या आत्ताच्या वयाची बाई वडगावातनं शालू घेऊन निघते, कंग्राळीच्या शेतातनं जाते, संकेश्वरला उसाच्या ट्रॉल्यांवरनं उड्या मारते आणि अक्षता पडायच्या आत निपाणी गाठते. वाटेत राक्षस एकही नाही. कुत्री आहेत, चिखल आहे, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पाव्हणे, आमचे सोयरेधायरे, आहेत. दर दोन वळणांवर दारात एक पाव्हणा उभा असतो आणि म्हणतो, "चहा घेऊन जावा की." चहा घेतला तर वेळ जातो. नाही घेतला तर पुढं त्याच पाव्हण्याच्या मळ्याचं फाटक बंद मिळतं. ही युक्ती आक्काची. कंपनीत दहा वर्षं घालवलेल्या माणसालाही ती सुचली नसती, असं लेक म्हणते.

आवाजही आक्काचाच घेतला. कुत्र्याला "हाड", ट्रॉलीवाल्याला "थांब की रं", चिखलात पडल्यावर जे आक्का खरोखर म्हणाली ते गाळून दुसरं काहीतरी. समोरच्या वकिलांनी गॅलरीतनं मुद्द्याचा प्रश्न टाकला: ही बाई नक्की कुठल्या भाषेची? आमच्याकडं हा प्रश्न चहाबरोबर येतो. आक्का सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाली, "दमल्यावर मराठी, चिडल्यावर कन्नड. कुत्र्याला दोन्ही." लेकीनं ते तसंच ठेवलं.

एकच भांडण झालं. बाई तीनदा पडली की खेळ संपायचा आणि ती आडवी होऊन डोळे मिटायची. ते पाहून आक्का संतापली. "माझ्या आवाजात मरतीया व्हय? न्हाय चालणार. मी काय मेलते काय त्या दिवशी?"

"आत्ती, खेळ कुठंतरी संपायला नको का?"

"संपू दे. पण मरायचं कशाला? माणूस दमतंय. बसतंय. पाणी पितंय, उठतंय."

दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जेवताना दोघी माझ्यामार्फत मीठ मागायच्या. तिसऱ्या दिवशी लेकीनं आक्काच्या तोंडासमोर माईक धरला. आता बाई तीनदा पडली की दगडावर बसते, पदरानं तोंड पुसते आणि म्हणते, "दम घेऊ दे रं जरा."

हे वाक्य आमच्या भागात कसं पसरलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विश्वास ठेवतो. आधी गल्लीतली पोरं खेळली, मग शेजारच्या शहापुरातली. मग शाळेत शिकवणारी माझी मावसबहीण तक्रार घेऊन आली. गणित विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "दम घेऊ दे रं जरा." बाईंना "रं" म्हणतात, हे तिचं दुःख होतं, गणित येत नाही, याची तिला सवय होती. बेळगावच्या बसस्टँडवर एका कंडक्टरनं घाई करणाऱ्या प्रवाशाला हेच ऐकवलं आणि सगळी बस हसली. मला खालनं ओरडून सांगावंसं वाटलं की तो काठ माझा आहे. पण गाडी सुटली.

मग गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या. हिच्या कपाळाला कुंकू का नाही, हा त्यांचा प्रश्न. लेक गोंधळली. आक्काच्या कपाळाला तिनं कुंकू पाहिलेलंच नव्हतं, म्हणून बाईच्याही कपाळाला काढलं नव्हतं. आक्का हसून म्हणाली, "एवढं पळाल्यावर घामानं राहतंय व्हय ते?" बायका हसल्या, चहा प्याल्या आणि गेल्या. त्यानंतर आक्का बराच वेळ एकाच कांडीवर सूत भरत बसली होती.

गावातल्या एका दुकानदारानं "त्या गेममधली साडी" मागितली. हिरवी, काठाला लाल आणि पिवळी पट्टी, बस. मी रुईफुलांचा नमुना पुढं सरकवला. "नको, गेममधलीच द्या," तो म्हणाला. चारही मागांवर आता माझी दोन चौकटींची कला विणली जाते.

गेल्या उन्हाळ्यात निपाणीला नात्यातलं लग्न होतं. मांडवात कुणीतरी आक्काचा आवाज ओळखला आणि पोरींनी तिला घेरलं. "आज्जी, म्हणून दाखवा की!" आक्का लाजली. नाही नाही म्हणाली. मग म्हणाली. मग परत म्हणाली. मग माईकवरनं म्हणाली. भटजींनी घड्याळ दाखवलं तेव्हा तिनं त्यांनाही तेच ऐकवलं. लग्नाला उशीर झाला, आणि तो आमच्यामुळं झाला, याचा आम्हाला थोडा अभिमानच वाटला.

दिवाळीनंतर बेंगळूरच्या एका मोठ्या कंपनीचा फोन आला. त्यांना खेळ हवा होता, पण बाई पंचविशीची हवी होती. म्हाताऱ्या बाईला बाहेर कोण खेळेल, असं त्यांचं म्हणणं. लेक तावातावानं खाली आली. "मी नाहीच म्हणणार आहे. आत्तीला तरुण करायची म्हणे!"

मला वाटलं, आक्का आता कन्नडमधे सुरू होणार.

आक्का म्हणाली, "कर की."

"काय?"

"कर तरुण. मलाबी बघू दे." तिनं हातातला मागाचा धोटा बाजूला ठेवला. "पंचविशीत मी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली असायची दिवसभर. त्या आधी शाळंत होते तवा पळायच्या शर्यतीत नाव दिलतं. आई म्हणाली, पोरीच्या जातीनं पळू न्हाय. नाव खोडलं. मी कशी पळाले असते, मला कुठं ठावं हाय?"

लेक तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मी नक्षीचा कागद उलटसुलट करत राहिलो. या बहिणीबरोबर मी उभा जन्म काढला आणि तिला पळायचं होतं हे मला माहीत नव्हतं. ओढ्याबद्दल विचारलं नव्हतं तसंच हेही कधी विचारलं नव्हतं.

लेकीनं कंपनीला कळवलं की तरुण बाई देते, पण थोरली बाईही खेळात राहील. त्यांचा परत फोन आलेला नाही. शाळांच्या आणि दवाखान्यांच्या वेबसाइट करून लेकीचं बरं चाललं आहे, त्यामुळं तिला घाई नाही. फोनची वाट न बघता तिनं नवा भाग मात्र केला. शाळेचं पटांगण, चुन्याच्या रेघा, दोन वेण्या घातलेली निळ्या परकरातली पोरगी. वाटेत पाव्हणे नाहीत, चहा नाही, हातात कुणाचा शालू नाही. फक्त पळायचं.

पहिल्यांदा तो भाग आक्कालाच खेळायला दिला. तिनं मोबाईल पाटीसारखा मांडीवर धरला. अंगठा मागावर राबलेला, कडक. काचेला तो कळेचना. पोरगी सुरुवातीच्या रेघेवरच उभी राहिली आणि बाकीच्या पोरी पुढं निघून गेल्या.

"दाब, आत्ती, दाब!"

"दाबतीया की! ऐकत न्हाय ती!"

मग आक्कानं अंगठा पदराला पुसला आणि परत टेकवला. पोरगी सुटली. आक्का तिच्याबरोबर डावीउजवीकडं झुकत होती, ओठ आवळून, काही न बोलता. पलीकडं तिसऱ्या मागावर धागा तुटला. तो मला ऐकू आला. आक्काला आला नाही. मी उठून जोडायला गेलो.