भगवंतरावांचा आवाज

भगवंतराव अकोटच्या बाजारात कापसाचा लिलाव पुकारायचे. असे ओरडायचे की झोपेतला व्यापारीही बोली वाढवायचा. आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. अब्बा, म्हणजे अब्दुल रहीम, गाद्या भरायचे आणि मी भगवंतरावांची नक्कल करायचो. हनुवटी छातीत रुतवायची, ‘पोट्टेहो’तला ‘हो’ नाकातून लांबवायचा. ते स्वतःच मला ओट्यावर उभं करून चारचौघांना ऐकवायचे. “शाकीब, सुटीवर गेलो त बाजार तुह्या भरोशावर बे!”

२००६च्या जूनमध्ये त्यांची मुलगी चारुताताई मालदीवच्या एका बेटावर इंग्रजी शिकवायला गेली; राहायला तिथल्या हव्वाबाईच्या घरी. ऑगस्टात भगवंतरावांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचाही. त्या वर्षी बाजार मंदच होता. घर आता ताईच्या नोकरीवर.

“पोरीले कळलं त नोकरी टाकून येईन,” भगवंतरावांची बायको, शकुनकाकू, माझ्या अम्मीला म्हणाल्या. “थे फोनवर बापाचा आवाज मागते. मी काय करू व, नईमा?”

अम्मीच्या आधी मीच म्हणालो, “मी बोलतो ना!”

खरं सांगतो, मला दया आली नव्हती. मजा वाटली होती.

रविवारी फोन आला. पलंगावर भगवंतराव, शेजारी मी.

“बाबा, मले वापस यायचं हाय. हव्वाबाईच्या घरी उठल्यापासून मासळी. सारे माह्या तोंडाकडे पाहतात, अन् मी खोलीत बसून बिस्किटं खाऊन राहिली.”

“काहून व पोरी, पाहुणी होऊन बसली का?” माझ्या घशातून भगवंतराव बोलले. “सैपाकात शीर. तिच्या चुलीवर आपल्या पोळ्या लाट, जवसाची चटणी वाढ. अन् आता रोजे येतीन, त दिवसा त्यायच्यासमोर खाऊ नको. सांजेले त्यायच्यासंग बसजो.”

“तुमाले रोज्याचं इतकं कसं माहीत?”

“भिंतीपल्याड रहीमभाई उगाच राह्यते का?”

ती हसली. काकूही पदर तोंडाला लावून हसल्या. भगवंतरावांकडे मी पाहिलंच नाही.

ताई रुळली. हव्वाबाईच्या मुली पोळ्या लाटायला शिकल्या, चटणीवरून भांडू लागल्या. रोजा सोडताना पहिला खजूर ताईच्या हातावर. दर फोनला ती म्हणायची, “बाबा, तुमी सांगतलं तसंच केलं.” मी फुगायचो. शाळेत पोरांना सांगायचो, एक अख्खं बेट मी चालवतो.

मग एकदा ती म्हणाली, “ईदची सुट्टी हाय, अन् तवाच आपली दिवाळी. चार दिवस येऊन जाऊ?”

रिसीव्हरला कान लावून बसलेल्या काकूंनी जोरात मान हलवली. नको. मी नुसतं ‘नको’ म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मी रंगात आलो होतो.

“कायले येतं व? मी काय पळून चाललो? ईद कर तिथं, लुगडं नेसून मिरव! बापाचं थोबाड पुढच्या वर्षी पाहजो.”

भगवंतरावांनी डाव्या हातानं माझी बाही धरली. मला वाटलं, शाबासकी. मी बोलतच राहिलो. फोन ठेवल्यावर पाहिलं, तर ते रडत होते आणि बाही अजून ओढत होते. काकूंनी त्यांचे डोळे पुसले आणि मला लाडू दिला. मी तो खाल्ला.

दिवाळी गेली, ईद गेली. पुढच्या रविवारी फोनची घंटी वाजली. मी हात पुढे केला, पण त्याआधी भगवंतरावांनीच फोन ओढून कानाला लावला. त्यांच्या घशातून निघाला तो शब्द नव्हता. रिकाम्या नळाला येते तशी घरघर.

“कोन बोलून राह्यलं?” तिकडून ताईचा आवाज मलाही ऐकू आला.

पुन्हा तीच घरघर. काकू खाली बसल्या. मी रिसीव्हरजवळ तोंड नेलं आणि माझ्या आवाजात बोललो.

“ताई, बाबाच हायेत. ऑगस्टात लकवा झाला. इतके दिवस मी बोलत होतो. शाकीब.”

तिनं विचारलं, “दिवाळीले येऊ नको, हे बाबांनी सांगाले लावलं होतं?”

काकू माझ्याकडे बघत होत्या.

“नाई ताई. थे माही बाही ओढून राहिले होते. मीच थांबलो नाई.”

“फोन त्यायच्या कानाले लाव.”

मी लावला. ती काय बोलत होती, ते ऐकायचा मला हक्क नव्हता. मी ओट्यावर जाऊन बसलो.